डेटाबेस स्थलांतर अडकलं? सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी हे क्रमाने तपासा

जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस नव्यावर नेताना, म्हणजे स्थलांतर करताना, काम मध्येच थांबलं की बहुतेकांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. त्याने दोन नुकसानं होतात. कोणतं सेशन (डेटाबेसशी उघडलेलं एक कनेक्शन) कुणाला अडवून बसलं होतं याचा पुरावा जातो. शिवाय मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये अर्ध्यावर असलेलं मोठं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सर्व्हर पुन्हा वर येताना परत फिरवावं लागतं, त्यात आणखी वेळ जातो. दुसरी सवय म्हणजे दिसेल तो टाइमआउट वाढवणे. दोन्ही उपाय बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधीच केलेले असतात.

या कामात क्रम महत्त्वाचा आहे: सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं का, आत घेतो का, त्याच्याकडे जागा आणि मेमरी आहे का, कुणी अडवलंय का, आणि सगळ्यात शेवटी डेटा. खालचा थर नीट आहे हे सिद्ध झाल्याशिवाय वरच्याला हात लावू नका. उदाहरणं पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरची घेतली आहेत. क्रम मात्र कुठल्याही डेटाबेसला तोच.

## टप्पा १: सुरू करण्याआधीची तयारी

स्थलांतराच्या रात्री सापडणाऱ्या निम्म्याहून जास्त अडचणी आदल्या आठवड्यात सापडू शकतात, असं माझं ठाम मत आहे.

१.१ बॅकअप रीस्टोर करून बघा. फाइल आहे, साइज बरोबर दिसतोय, एवढ्यावर समाधान मानू नका. वेगळ्या मशीनवर रीस्टोर करा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मागे फिरायची वेळ आली तर हाच आकडा लागणार आहे.

१.२ दोन्ही बाजूंची कुंडली समोरासमोर मांडा. आवृत्ती, कॅरॅक्टर सेट, कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम), टाइमझोन, एक्स्टेंशन्स (डेटाबेसला जोडलेल्या जादा सुविधा), ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्सवरच्या मायएसक्यूएलमध्ये टेबलांच्या नावांत लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, विंडोजवर धरला जात नाही. हे ठरवणारं लोअर_केस_टेबल_नेम्स हे सेटिंग आवृत्ती ८ पासून फक्त सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच देता येतं. नंतर लक्षात आलं तर सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

१.३ डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढायला नव्या आवृत्तीचं साधन वापरा. जुन्या आवृत्तीचा पीजी_डंप (पोस्टग्रेसचं डंप काढायचं साधन) आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप काढायला साफ नकार देतो. उलट चालतं.

१.४ युजर वेगळे न्यावे लागतात. पोस्टग्रेसच्या एका डेटाबेसच्या डंपमध्ये रोल (पोस्टग्रेसमधले युजर) येत नाहीत. ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने काढायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये असतात. नुसता आपला डेटाबेस रीस्टोर केला तर आतले युजर अनाथ होतात: नाव जुळतं, आतली ओळख जुळत नाही. असा युजर डिलीट करून नवा बनवायची गरज नाही. अल्टर युजर देऊन तो लॉगिनशी पुन्हा जोडता येतो, आणि त्याच्या परवानग्या शाबूत राहतात.

१.५ प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) नसलेली टेबलं शोधा. पोस्टग्रेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनने (जुन्यावरचे बदल ओळीओळीने नव्यावर पाठवत राहून) जाणार असाल तर हे आधीच करा. प्रायमरी की किंवा रेप्लिका आयडेंटिटी नसलेलं टेबल पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घातलं की त्या टेबलावरचं अपडेट आणि डिलीट जुन्या, चालू सर्व्हरवरच एरर देऊ लागतं. स्थलांतर राहतं बाजूला, रोजचं काम बंद पडतं.

१.६ माघारीची वेळ ठरवा. "अमुक वाजेपर्यंत पडताळणी झाली नाही तर परत जुन्यावर" हे लिहून ठेवा आणि सगळ्यांना कळवा. पहाटे तीन वाजता हा निर्णय कुणीच नीट घेत नाही.

> पडताळणी: नव्या सर्व्हरवर मूळ डेटाच्या निदान दुप्पट जागा मोकळी आहे ना? इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली आणि ट्रान्झॅक्शन लॉग यांचा हिशोब बहुतेक जण धरतच नाहीत.

## टप्पा २: आधी पुरावा गोळा करा

काहीतरी बिघडलं. कशालाही हात लावण्याआधी एवढ्या गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्या: दोन्ही सर्व्हरचे एरर लॉग, त्या क्षणाची चालू सेशन्सची यादी, डिस्क आणि मेमरीची स्थिती, आणि मायग्रेशन टूलचा स्वतःचा लॉग. दोन सर्व्हरची घड्याळं वेगळ्या टाइमझोनमध्ये असतील तर तो फरकही वर लिहा, नाहीतर लॉग जुळवताना भलत्याच ओळी एकमेकींशेजारी येतात.

मग पहिली एरर शोधा. शेवटची नव्हे. पोस्टग्रेसचा डंप परत भरणारा पीजी_रीस्टोर आपण सांगितलं नाही तर एररवर थांबत नाही. पुढे जात राहतो आणि शेवटी इतक्या एरर दुर्लक्षित केल्या असा आकडा देतो. समजा लॉगच्या तळाशी "रिलेशन अस्तित्वात नाही" अशा शंभर ओळी आहेत. वर सरकत जा. त्यांच्या आधी "टेबल तयार करता आलं नाही", त्याच्याही आधी "हा डेटा टाइप अस्तित्वात नाही", आणि सगळ्यात वर एकच ओळ सापडते: एक्स्टेंशन नव्या सर्व्हरवर इन्स्टॉलच केलेलं नाही. दुरुस्ती त्या एका ओळीची. खालच्या शंभर आपोआप जातात.

म्हणून रीस्टोर करताना एक्झिट-ऑन-एरर पर्याय द्या, आणि पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) स्क्रिप्ट चालवताना ऑन_एरर_स्टॉप चालू करा. रंगीत तालमीत तरी नक्कीच.

## टप्पा ३: सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं का?

ही चाचणी मायग्रेशन टूल ज्या मशीनवर चालतं तिथूनच करायची. तुमच्या लॅपटॉपवरून कनेक्शन होतं याला इथे काहीही अर्थ नाही. त्याचा रस्ता वेगळा, फायरवॉलचे नियम वेगळे.

सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता काय येतो ते बघा, मग पोर्ट तपासा: पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१. उत्तर कसं येतं त्यावर पुढची दिशा ठरते:

- "कनेक्शन रिफ्यूज्ड", तेही लगेच: मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हर बंद आहे, पोर्ट वेगळा आहे, किंवा तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतोय. पोस्टग्रेसची लिसन_अ‍ॅड्रेसेस सेटिंग मुळात लोकलहोस्टवरच असते, आणि ती बदलली तर रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो.
- बराच वेळ शांतता, मग "टाइम्ड आउट": पॅकेट वाटेतच गिळलं जातंय. फायरवॉल, सिक्युरिटी ग्रुप किंवा राउटिंग. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.
- जोडलं जातं, पण लॉगिन होत नाही: नेटवर्क ठीक आहे. पुढच्या टप्प्यावर जा.

एसक्यूएल सर्व्हरच्या नेम्ड इन्स्टन्सची (स्वतंत्र नाव देऊन चालवलेल्या सर्व्हरची) एक खोड आहे. त्याचा पोर्ट साधारणपणे बदलता असतो आणि तो सांगायचं काम ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वर करते. फायरवॉलवाले टीसीपी उघडून देतात, यूडीपी राहतो. मायग्रेशनसाठी सरळ स्थिर पोर्ट नेमून द्या. एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी मुळातच बंद असतं, तेही बघा.

## टप्पा ४: आत का घेत नाही?

लॉगिनची एरर क्लायंटकडे मुद्दामच मोघम पाठवली जाते. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर क्लायंटला "लॉगिन फेल्ड" एवढंच सांगते, पण सर्व्हर लॉगमध्ये तिच्यासोबत स्टेट क्रमांक असतो: ५ म्हणजे असा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. पासवर्ड बदलत बसण्याआधी तो क्रमांक बघा.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_एचबीए फाइल (कुणाला कुठून आत घ्यायचं याचे नियम) वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. ती ओळ नाकारणारी असेल तर खालच्या ओळींकडे सर्व्हर बघतही नाही. लोक नवी ओळ फाइलच्या तळाशी टाकतात आणि "लिहिलं तरी चालत नाही" म्हणतात. ओळ वर न्या आणि रीलोड करा. या फाइलसाठी रीस्टार्टची गरज नाही.

मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे युजर आणि होस्ट अशी जोडी. लोकलहोस्टवरून चालणारं खातं दुसऱ्या मशीनवरून चालेलच असं नाही, कारण ते वेगळं खातं आहे.

पासवर्ड बरोबर असूनही जुना ड्रायव्हर अडत असेल तर प्रमाणीकरणाची पद्धत बघा. मायएसक्यूएल ८ ने कॅशिंग_एसएचए२ ही पद्धत मूळ धरली, पोस्टग्रेस १४ ने स्क्रॅम. जुन्या ड्रायव्हरना त्या येत नाहीत. उपाय ड्रायव्हर बदलण्याचा. सर्व्हर जुन्या, कमकुवत पद्धतीवर आणून ठेवला तर तो तसाच राहून जातो.

> पडताळणी: लॉगिन झालं म्हणजे परवानग्या मिळाल्या असं नाही. त्याच युजरने एक टेबल बनवा, एक ओळ घाला, वाचा, टेबल काढून टाका. चारही झालं तरच पुढे.

## टप्पा ५: सर्व्हरला जागा आणि मेमरी पुरते का?

कनेक्शन. मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १००, मायएसक्यूएलमध्ये १५१. टूलला ३२ समांतर धागे दिले, प्रत्येकाने दोन कनेक्शन घेतली, आणि शेजारी अ‍ॅप्लिकेशनचा कनेक्शन पूल (तयार ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) चालू असला की मर्यादा संपायला वेळ लागत नाही. मर्यादा वाढवण्याआधी धागे कमी करून बघा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही स्वतंत्र प्रोसेस असते, आकडा वाढवला की मेमरीही लागते.

मेमरी. लॉगमध्ये "सिग्नल ९ ने प्रोसेस संपली" असं दिसलं आणि लगेच सगळी कनेक्शन तुटून "डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये आहे" असे संदेश आले, तर बहुधा लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी यंत्रणा) एक प्रोसेस मारली आहे आणि पोस्टग्रेसने खबरदारी म्हणून सगळ्यांना बाहेर काढलंय. डीएमेसजीमध्ये (लिनक्स कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) त्याची नोंद सापडते. समांतर इंडेक्स बांधणी आणि भरमसाट वाढवलेली मेंटेनन्स_वर्क_मेम (अशा कामांना मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा) ही जोडी इथे नेहमीची आरोपी.

डिस्क. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात वाईट अपघात इथेच होतात, आणि गंमत म्हणजे भरते ती बहुतेकदा *जुन्या* सर्व्हरची डिस्क.

लॉजिकल रेप्लिकेशनसाठी जुन्या पोस्टग्रेसवर स्लॉट (नवी बाजू कुठपर्यंत वाचून झाली याची खूण) बनतो. नव्या बाजूने तो वाचला जाईपर्यंत जुना सर्व्हर वॉल फाइली (प्रत्येक बदलाची आधी नोंद होते त्या फाइली) जपून ठेवतो. नवी बाजू बंद पडली, टूल अडकलं, चाचणीनंतर कुणी नवा सर्व्हर नुसताच डिलीट केला, तरी स्लॉट तिथेच राहतो आणि फाइली साठत जातात. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये अ‍ॅक्टिव्ह रकाना बघा. नको असलेला निष्क्रिय स्लॉट काढून टाका, मग चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायची कमांड) द्या, जागा सुटते. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज देऊन वरची मर्यादा घालता येते. ती ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि कॉपी पहिल्यापासून करावी लागते, पण चालू सर्व्हर वाचतो. मी हा सौदा डोळे झाकून करेन.

> इशारा: पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने कधीही डिलीट करू नका. त्या लॉग वाटतात, पण क्रॅशनंतर सर्व्हर त्यांच्याच आधारे उभा राहतो. मायएसक्यूएलच्या बिनलॉग (बदलांच्या नोंदी) फाइलीही आरएम देऊन उडवायच्या नाहीत. पर्ज बायनरी लॉग्ज वापरा, तेही रेप्लिका (बदल घेत राहणारी प्रत) कुठपर्यंत वाचून झाली आहे ते बघून.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉग फाइल फुगली तर सिस.डेटाबेसेसमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क रकाना कारण सांगतो. "लॉग बॅकअप" दिसलं तर लॉग बॅकअप घ्या. "अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन" दिसलं तर कुणीतरी उघडं बसलंय. "रेप्लिकेशन" दिसलं तर रेप्लिकेशन किंवा सीडीसी (बदल टिपणारी सुविधा) मागे पडलंय. कारण न बघता श्रिंक (फाइल लहान करायची कमांड) देऊन काही साधत नाही.

मोठी फाइल डिलीट करूनही जागा वाढली नाही? एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे. एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) वापरून शोधा.

## टप्पा ६: चालू दिसतंय, पण सरकत नाही

सीपीयू शांत, डिस्क शांत, टक्केवारी तिथेच. हे बहुतेकदा लॉकचं लक्षण, म्हणजे एका सेशनने धरून ठेवलेल्या टेबलासाठी किंवा ओळीसाठी दुसरं थांबलंय.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स, मायएसक्यूएलमध्ये शो प्रोसेसलिस्ट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ब्लॉकिंग_सेशन_आयडी. अडलेल्याला पकडू नका, साखळीचं मूळ शोधा. मुळाशी अनेकदा "आयडल इन ट्रान्झॅक्शन" स्थितीत कुणीतरी सापडतं: बिगिन देऊन, एक सिलेक्ट चालवून, खिडकी उघडी ठेवून निघून गेलेलं.

त्यापुढचा गोंधळ असा. तुमचं अल्टर टेबल त्या सेशनच्या मागे थांबतं, आणि त्या टेबलावरची प्रत्येक नवी क्वेरी, साधं सिलेक्टसुद्धा, तुमच्या अल्टरच्या मागे रांगेत लागते. बघणाऱ्याला डेटाबेस बंद पडल्यासारखा वाटतो. मायएसक्यूएलमध्ये तेव्हा "वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक" दिसतं. म्हणून चालू सर्व्हरवर अल्टर देण्याआधी लॉक_टाइमआउट काही सेकंदांचा ठेवा. नाही मिळालं लॉक तर अल्टर पडेल, पुन्हा देता येईल.

लॉक नाही, तरी मंद? मग भरण्याची पद्धत बघा. एकेक ओळ घालून प्रत्येक वेळी कमिट, सगळे इंडेक्स आधीच तयार, ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) चालू. डेटा आधी, इंडेक्स आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारं बंधन) नंतर, हा क्रम धरा. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये चेकपॉइंट फार वारंवार होत असल्याची तक्रार येत असेल तर मॅक्स_वॉल_साइज तेवढ्या कामापुरता वाढवा. मूळ १ जीबी मोठ्या लोडला तोकडा पडतो.

## टप्पा ७: दर वेळी मध्येच तुटतं

*कुठे* तुटतं ते नोंदवा. दर वेळी त्याच ओळीवर तुटत असेल तर कारण डेटात आहे, दर वेळी तेवढ्याच वेळाने तुटत असेल तर नेटवर्कमध्ये.

त्याच ओळीवर: मायएसक्यूएलचं "सर्व्हर हॅज गॉन अवे". मोठा ब्लॉब (फोटो, फाइल असा बायनरी डेटा) मॅक्स_अलाउड_पॅकेटमध्ये मावत नाही. सर्व्हरची मर्यादा आवृत्ती ८ मध्ये ६४ एमबी, पण मायएसक्यूएल क्लायंटची १६ एमबी आणि मायएसक्यूएलडंपची २४ एमबी. एकीकडे वाढवून दुसरीकडे विसरणं ही नेहमीची चूक.

तेवढ्याच वेळाने: एखादं कनेक्शन शांत बसलंय, उदाहरणार्थ इंडेक्स बांधून होण्याची वाट बघत, आणि वाटेतल्या फायरवॉलने ते मृत समजून विसरून टाकलं. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद शांत असलेलं कनेक्शन सोडून देतो. लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारा संदेश) मात्र मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांनी जागा होतो. तो काही मिनिटांच्या आत आणा.

## टप्पा ८: सर्व्हर ठीक, डेटाच नाकारला जातो

अक्षरांचा गोंधळ. मायएसक्यूएलचा "यूटीएफ८" हा जुना प्रकार अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, इमोजी नाही; नव्या टेबलांना यूटीएफ८एमबी४ च द्या. बिघाड झालाच तर त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मूळ अक्षरं गेली, दुरुस्ती नाही, पुन्हा आणावी लागतील. एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोडच्या एनव्हारकारऐवजी व्हारकार वापरलं की असं होतं. विचित्र लॅटिन चिन्हं दिसत असतील तर बहुधा दोनदा रूपांतर झालंय आणि ते उलटवता येऊ शकतं. खात्रीसाठी बाइट मोजा: "मराठी" हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा असतो. ३० किंवा जास्त भरले तर दोनदा रूपांतर झालं.

तारखा आणि रिकाम्या जागा. मायएसक्यूएलमधल्या शून्य तारखा (००००-००-००) पोस्टग्रेस स्वीकारत नाही; त्यांच्या जागी नल (मूल्यच नाही अशी खूण) घालायचं की आणखी काही, हे डेटाच्या मालकाला विचारा, स्वतः ठरवू नका. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच मानतो, इतर डेटाबेस मानत नाहीत.

क्रम बदललेले इंडेक्स. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर जसंच्या तसं नव्या लिनक्सवर नेलं, किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका (वॉलमधून बनणारी हुबेहूब प्रत) केली, तर जीलिबसीची (अक्षरांचा क्रम ठरवणारी लिनक्सची मूळ लायब्ररी) आवृत्ती बघा. २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत वर्णक्रम बदलला. ती सीमा ओलांडली तर मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात: ओळ टेबलात असते, शोधल्यावर सापडत नाही. रीइंडेक्स करा. डंप आणि रीस्टोरने गेलात तर हा प्रश्न येत नाही, कारण इंडेक्स नव्याने बांधले जातात.

## टप्पा ९: बदली आणि नंतरचा पहिला तास

१. जुन्या बाजूचं लिहिणं खरोखर थांबवा. अ‍ॅप्लिकेशन बंद करून भागत नाही. क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रिपोर्टची स्क्रिप्ट, कुणाचं तरी जुनं इंटिग्रेशन लिहीत असतं. मायएसक्यूएलमध्ये सुपर_रीड_ओन्ली, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस रीड-ओन्ली. पोस्टग्रेसची डीफॉल्ट रीड-ओन्ली सेटिंग सेशनला बदलता येते, त्यामुळे तिथे युजरांचा कनेक्ट अधिकारच काढा आणि उघडी सेशन्स बंद करा.

२. मागे राहिलेला डेटा पूर्ण पोहोचला का ते बघा.

३. सिक्वेन्स (नव्या ओळींना पुढचा क्रमांक देणारा मोजक) पुढे न्या. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये ओळी येतात, सिक्वेन्सचा आकडा येतो असं धरून चालू नका. हे विसरलात तर बदलीनंतरच्या पहिल्याच नोंदीला "डुप्लिकेट की" येते. सेटव्हॅलने प्रत्येक सिक्वेन्स टेबलातल्या कमाल आकड्याच्या पुढे ठेवा.

४. अ‍ॅनालाइझ चालवा. नव्याने भरलेल्या टेबलांची आकडेवारी नसली की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अंदाजाने चालतो, आणि "नवा सर्व्हर जुन्यापेक्षा मंद आहे" अशी ओरड सुरू होते.

५. पडताळणी करा. नुसत्या ओळी मोजून समाधान मानू नका. रकमेच्या रकान्यांची बेरीज, तारखांची किमान-कमाल, नलची संख्या, आणि मजकुराच्या काही ओळी डोळ्यांनी. टाइमस्टॅम्प सगळीकडे सारख्याच तासांनी सरकले असतील तर तो टाइमझोनचा प्रश्न. हॅश काढून तुलना करणार असाल तर दशांश आणि तारखा दोन्हीकडे एकाच साच्यात आणा, नाहीतर बरोबर डेटाही चुकीचा दिसेल.

६. मगच अ‍ॅप्लिकेशन नव्या पत्त्यावर वळवा. डीएनएस बदलणार असाल तर टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) आदल्या दिवशीच कमी केलेला हवा.

> इशारा: नव्या सर्व्हरवर खरी नोंद पडली की जुन्यावर परत जाणं म्हणजे त्या नोंदी गमावणं किंवा उलट्या वाहून नेणं. पाचव्या पायरीवर शंका असेल तर सहावी करू नका.

लॉजिकल रेप्लिकेशन वापरलं असेल तर नव्या बाजूचं सबस्क्रिप्शन (बदल घेणारी जोडणी) रीतसर ड्रॉप करा, म्हणजे जुन्या बाजूचा स्लॉटही जाईल. जुना सर्व्हर लगेच मोडीत काढू नका. महिनाअखेरचे हिशोब नव्यावर एकदा होऊन जाईपर्यंत तो रीड-ओन्ली राहू द्या, आणि त्याच्या लॉगमध्ये अजून कोण लॉगिन करायला येतंय ते रोज बघा. तिथे दिसणारं प्रत्येक नाव म्हणजे पत्ता बदलायचा राहिलेला एखादा प्रोग्राम आहे.